दर शनिवारी हरायला

आपल्या मंडळाच्या गणपतीच्या जेवणाच्या रांगेत दर वर्षी कुणीतरी विचारतंच. सुरुवात ठरलेली, ‘अहो, ते तुमचं रेसलिंग सगळं खोटं असतं ना?’ मी हो म्हणतो. मग भीड चेपते आणि पोटातला प्रश्न बाहेर येतो. ‘तू पैलवानाचा पोरगा. दर शनिवारी दीड-दोन तास गाडी हाकत हरायला का जायचास?’ यंदा तिघांनी विचारलं. एकाला मी मसालेभात वाढत होतो, म्हणून हसून वेळ मारून नेली. दुसऱ्याला म्हणालो, हौस होती. तिसरा माझा भाचा, एकोणीस वर्षांचा, इथंच, अमेरिकेत जन्मलेला. तो हसण्यावारी नेऊ देत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वर्षी माझ्याकडे फक्त मठ्ठा मागा.

मी कधी आलो, एडिसनमध्ये कुठे राहतो, कोणत्या कंपनीत घासतो, लग्नाला उशीर का झाला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते सोडतो.

आधी ते ‘खोटं’ मिटवू, कारण त्याचा मला खरोखर कंटाळा आलाय. अमेरिकन प्रोफेशनल रेसलिंगचा निकाल आधी ठरलेला असतो, हे काही मी दडवून ठेवलेलं गुपित नाही. १९८९ साली आपल्याच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनं, ते स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. स्पर्धा म्हटली की राज्याच्या क्रीडा मंडळाची देखरेख आली, परवाने आले, कर आला. करमणूक म्हटली की सुटका. चार पैसे वाचवायला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं गुपित फोडलं. म्हणजे तुम्ही माझ्या कानाशी येऊन जे विचारता, त्याचं उत्तर केव्हाच सरकारदरबारी जमा झालंय.

पडणं मात्र खरं असतं. रिंग म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर बोटभर फोम आणि वर ताणून बांधलेलं कापड. छोट्या कंपन्यांच्या रिंगचे दोर पुष्कळदा दोर नसतातच. बागेला पाणी घालायच्या रबरी नळीत पोलादी तार ओवलेली असते. त्यावर पाठ टाकून पळायला शिकताना पहिले दोन महिने माझ्या बरगड्यांवर जांभळे पट्टे होते. रूममेटला वाटलं, मला कुणीतरी मारतंय आणि मी सांगत नाहीये. पडायचं कसं हे शिकण्यात अर्धं वर्ष जातं. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, दोन्ही हात फळ्यांवर सपाट आपटायचे. डोकं वाचतं आणि आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

आणि हरणारा निम्म्याहून जास्त काम करतो, हे तुमच्यातल्या एकालाही पटलेलं नाही. समोरचा तुम्हाला डोक्यावर उचलतो तेव्हा उडी तुमची असते. तो तुम्हाला आदळतो तेव्हा तो किती जबरदस्त आहे हे तुमच्या पाठीनं सांगायचं असतं. आमच्या धंद्यात हरण्याला ‘जॉब’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार एक जॉब, शनिवारी दुसरा. दुसरा मला चांगला जमायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, याला नुरा कुस्ती म्हणायचे. तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना हा शब्द किती घाण आहे हे सांगायला नको. दोन पैलवान आधी ठरवून लढले हे मैदानात कळलं, तर हलगी थांबते आणि पुढची सुपारी मिळत नाही. मी फोनवर आबांशी वाद घालायचो की नुरा कुस्तीत लोकांना फसवतात, इथं लोकांना माहीत असतं. तमाशातल्या राजाला कुणी खोटा राजा म्हणतं का? आबा म्हणायचे, ‘बरं.’ आबांचं ‘बरं’ म्हणजे फोन आईकडे.

माझी सुरुवात कशी झाली तेही विचारता, म्हणून थोडक्यात. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं समोरची डब्ल्यूसीडब्ल्यू ही कंपनी विकत घेतली, फिलाडेल्फियाची ईसीडब्ल्यू ही तिसरी कंपनी त्याच सुमाराला दिवाळखोरीत गेली. टीव्हीवर एकच दुकान उरलं. बाकीचे सगळे शाळांच्या जिममध्ये, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, चर्चच्या तळघरात लढायला लागले. त्यांना इंडी म्हणतात. २३ फेब्रुवारी २००२ ला फिलाडेल्फियातल्या एका रिक्रिएशन सेंटरमध्ये रिंग ऑफ ऑनर नावाच्या अशाच एका नव्या कंपनीचा पहिला शो झाला. ऑफिसातल्या एकानं ओढून नेलं म्हणून मी गेलो. शेवटची कुस्ती तिघांची होती: लो की, ख्रिस्तोफर डॅनियल्स आणि ब्रायन डॅनियलसन. डॅनियलसन तेव्हा वीस वर्षांचा होता, वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीनचा, दिसायला लायब्ररीत पुस्तकं लावणाऱ्या पोरासारखा. त्यानं एकाचा हात असा पिळला की माझ्या तोंडून ‘अरे वा’ निघून गेलं. लहानपणी मैदानात आबांच्या मांडीवर बसून जे निघायचं, तेच.

पुढच्या महिन्यात मी दक्षिण जर्सीतल्या एका गोदामात भरणाऱ्या शाळेत नाव घातलं. अडीच हजार डॉलर, हप्त्यानं. तेव्हा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो, म्हणजे कंपनीबाहेर एक डॉलरही कमावायची सोय नव्हती. बुकरला, म्हणजे कोण कुणाशी लढणार आणि कोण हरणार हे ठरवणाऱ्याला, हे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो नंतर कधी दिसला नाही. पैसे मागू न शकणारा पैलवान! तसंही इंडीची मजुरी म्हणजे हँडशेक आणि हॉट डॉग असं सगळे म्हणतात. मी हॉट डॉग खात नव्हतो.

डॅनियलसनचं पुढचं तुम्हीच मला ऐकवता. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला रेसलमेनियात, डब्ल्यूडब्ल्यूईच्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, तो जिंकला, मग तुला का नाही जमलं? तो त्याच्याआधी दहा वर्षं अशाच हॉलमध्ये लढला. २००७ मध्ये एका कुस्तीत डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, पडदा सुटला, तरी ती कुस्ती त्यानं पुरी केली. २०१६ मध्ये मेंदूच्या दुखापतींमुळे त्याला रडत निवृत्ती घ्यावी लागली आणि दोन वर्षांनी तो परत आला. मला नाही जमलं, कारण मी तेवढा चांगला नव्हतो. हे वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली असली तरी खरं आहे, आणि तुमचा प्रश्न तो नव्हताच.

तुमचा प्रश्न शेखबद्दल आहे. तुम्ही ‘हरायला’ म्हणता, पण डोळ्यांसमोर तुमच्या तो फोटो असतो, जो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता.

दुसऱ्या वर्षी बुकरनं विचारलं, कुठला तू? म्हटलं, कोल्हापूर. ते कुठं आलं? भारतात. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, शेख. बस्स. नाव सांगत नाही, पण त्यात शेख होतं. डोक्याला हॅलोविनच्या दुकानातलं अरबी फडकं आणि वर त्यालाच गुंडाळलेला फेटा, म्हणजे दोन्हीही नाही. खांद्यावर पडद्याच्या हिरव्या कापडाचा एका नसलेल्या देशाचा झेंडा. मी आत शिरलो की ‘यू-एस-ए, यू-एस-ए’. मग मी माइक घेऊन त्यांच्या भाषेत नाही असं काहीतरी ओरडायचं. मला अरबी कुठली यायला? मी मराठी बोलायचो. डोळे वटारून, बोट रोखून, ‘कांदे वीस रुपये, बटाटे पंधरा, मिरच्या फुकट!’ लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. एका आजीबाईनं मला पर्सनं मारलंय.

हे मी एकटा करत नव्हतो. मूळचा ‘शेख’ एड फरहत हा मिशिगनमधल्या लान्सिंगचा, लेबनॉनमधून आलेल्या घरातला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्याच सैन्यात होता. आयर्न शेख म्हणजे खोसरो वझिरी, इराणचा अस्सल कुस्तीगीर. २६ डिसेंबर १९८३ ला त्यानं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेव्हाच्या चॅम्पियन बॉब बॅकलंडकडून पट्टा घेतला आणि चार आठवड्यांनी, २३ जानेवारीला, त्याच गार्डनमध्ये हल्क होगनला हरला. जिंकवला होताच त्यासाठी. पुढची सगळी होगनशाही त्या एका हरण्यावर उभी आहे. २००४ च्या शेवटी टीव्हीवर मोहम्मद हसन आला, तो तर सिराक्यूजकडचा इटालियन वंशाचा मार्क कोपानी. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये स्फोट झाले आणि त्याच रात्री त्याचा तोंड झाकलेल्या माणसांसोबतचा प्रसंग प्रसारित झाला. महिना संपायच्या आत पात्र गुंडाळलं. आमच्या हॉलमध्ये मात्र कुणी काही गुंडाळलं नाही. आम्हाला बघतंय कोण?

२००६ च्या मंडळाच्या स्मरणिकेत मी एक लेख लिहिला होता. काहींनी जपून ठेवलाय, टोमण्यांसाठी. त्यात मी लिहिलं होतं की निळू फुले पडद्यावर दिसले की बायका शिव्या घालायच्या, ती त्यांच्या अभिनयाला पावती होती, तसंच माझं. मला तो लेख लिहिणारा मी आज समोर भेटला तर मी त्याला एवढंच विचारीन की निळूभाऊंचा पाटील पाहून कुणी दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या पाटलाला गोळी घातली का? १५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोलपंपावर मारलं, कारण डोक्याला पगडी आणि दाढी. मी फेटा चढवला त्याला तीन वर्षं झाली नव्हती. हे मला लेख लिहितानाही माहीत होतं. लेखात नाही.

पण त्या लेखकाची बाजूही सांगतो, नाहीतर तो म्हणेल मला बोलूच दिलं नाही. तो म्हणेल, तू बावीस वर्षांचा असताना इथं आलास, ऑफिसात कुणाला तुझं नाव धड घेता येईना, पार्टीत भिंतीला टेकून उभा राहायचास. त्या हॉलमध्ये दीडशे माणसं तुझ्या एका बोटाच्या इशाऱ्यावर उठत होती. ते तुला सोडवत नव्हतं. हे खरं आहे. शिवाय तो म्हणेल की कांद्या-बटाट्याची गंमत तू त्यांच्यावर करत होतास, ते तुझ्यावर नव्हे. हे मला तेव्हा फार खरं वाटायचं.

आता ऑक्टोबर २००७.

आबा-आई मे महिन्यात आले होते, सहा महिन्यांसाठी. आबा तेव्हा चौसष्ट वर्षांचे. जत्रेच्या फडात सोळाव्या वर्षापासून लढलेले, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एकदाच उतरले ती कुस्ती बरोबरीत सुटली, बत्तिसाव्या वर्षी लंगोट सोडला. दोन्ही कान मोडलेले, वाळल्या जर्दाळूसारखे. माळकरी. इकडे आल्यावर पाच महिने त्यांनी माझ्या शनिवारांबद्दल चकार शब्द काढला नाही आणि परतीला दोन आठवडे राहिले असताना म्हणाले, ‘एकदा बघू की.’

शो पेन्सिल्व्हेनियात, ॲलनटाउनच्या पलीकडे एका छोट्या गावात, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये होता. जाताना मी आबांना ॲलनटाउनचं जत्रेचं मैदान दाखवलं. तिथल्या हॉलमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्हीवरच्या कुस्त्या चित्रित व्हायच्या. म्हटलं, बघा, इथंही कुस्ती जत्रेतच. त्यांनी काचेतून पाहिलं. ‘माती कुठंय?’

हॉलच्या दारावर तिकिटं फाडायला एक म्हातारा सैनिक होता. आबांनी माकडटोपी काढली तसं त्याचं लक्ष कानांकडे गेलं. त्यानं स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला, तोही मोडलेला, हायस्कुलातल्या कुस्तीतला. आबांचे दहा डॉलर त्यानं घेतले नाहीत. दोघे एकमेकांचे कान बघत हसत होते आणि मी मागच्या खोलीत जाऊन तो फेटा बांधत होतो.

त्या रात्री माझ्यासमोर एक पोरगा होता, नॅशनल गार्डमधून इराकला जाऊन आलेला, त्याच गावचा. हॉल भरलेला, दीडशे नाही तर दोनशे माणूस असेल. मी झेंडा घेऊन आत गेलो, माइक घेतला आणि तोंडातून कांदे-बटाटे निघेनात. तिसऱ्या रांगेत कडेच्या घडीच्या खुर्चीत, तपकिरी स्वेटरमध्ये, हॉलभरात एकच माणूस असा होता ज्याला मी काय बोलतो ते कळणार होतं. मी बोट रोखलं, दात विचकले आणि जितक्या भेसूर आवाजात जमेल तितक्या आवाजात ओरडलो, ‘आबा, घाबरू नका! हे सगळं नाटक आहे! मला काही लागणार नाही! बसून राहा!’ लोक पिसाळले. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा गलका त्या वाक्याला मिळाला.

अकरा मिनिटांची कुस्ती होती. अकराव्या मिनिटाला तो मला खांद्यावर उचलणार आणि पाठीवर आदळणार, आणि संपलं. मी उडी मारली, तो उठला, मी वर होतो. छताची नळीबत्ती दिसली. मग त्याचा उजवा गुडघा मुडपला. मी पाठीवर यायच्या ऐवजी मानेवर आलो.

आवाज वेगळा येतो. ते मी पुढे किती जणांना शिकवलंय. सपाट पडलं की फळ्या वाजतात, मानेवर पडलं की भरलेलं पोतं टाकल्यासारखा बद्द आवाज. उजवा हात खांद्यापासून पेटला आणि मग नाहीसाच झाला. रेफरी खाली वाकला आणि त्यानं माझा हात दाबला. ही आमची खूण असते. ठीक असशील तर उलट दाब. मी दाबत होतो. हात दाबत नव्हता. पोरगा माझ्यावर आडवा पडला आणि कानात म्हणाला, ‘सॉरी, सॉरी, सॉरी.’ रेफरीनं एक-दोन-तीन मोजलं. बरोबरच केलं त्यांनी, कुस्ती संपवली. लोकांना वाटलं, शेख काय मस्त मेला!

आबांना वाटलं नाही. पुढे त्यांनी सांगितलं, ‘आधी तीन डाव पडलास तवा हनुवटी छातीला हुती. ह्या टायमाला वर हुती.’ दोनशे माणसांत एकानं हनुवटी बघितली होती.

मला फक्त आवाज ऐकू आला, ‘हलू नको. मान हलवू नको.’ आणि दोन खरबरीत तळवे दोन्ही कानांवर घट्ट बसले. चौसष्ट वर्षांचा माणूस कठडा ओलांडून दोरांमधून आत आला होता. आता तुम्ही त्या हॉलमधले लोक आहात असं समजा. शेख हरलाय, आपला पोरगा जिंकलाय, आणि तेवढ्यात माकडटोपी घातलेला, शेखच्याच रंगाचा एक म्हातारा रिंगमध्ये घुसून शेखला धरतोय. तुम्ही काय समजाल? शेखचा मॅनेजर. शेखचा बाप. कथेचा पुढचा भाग. ते नव्या दमानं ओरडायला लागले. ‘गो होम’ म्हणाले. कुणीतरी बिअरचा ग्लास फेकला, तो आबांच्या खांद्यावर फुटला, प्लॅस्टिकचा होता. मग दुसरा. बिअर त्यांच्या स्वेटरवरून, तुळशीच्या माळेवरून माझ्या तोंडावर ठिबकत होती आणि आबा हात काढत नव्हते. रेफरीनं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले, म्हणजे खरंच लागलंय. मागच्या खोलीतले धावले. तेव्हा कुठं पहिल्या दोन रांगा गप्प झाल्या. मागच्या नाही झाल्या.

आत्ता लिहितानाही मला तिथं थांबावंसं वाटतंय, कारण स्मरणिकेतला माझा सगळा लेख त्या दोन ग्लासांत वाहून गेला. कुस्ती खोटी आहे हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. शेख खोटा आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे होतं, पण आबा खोटे नव्हते आणि त्यांना तो फरक दिसला नाही, आणि तो दिसू नये यासाठी मी तीन वर्षं मेहनत घेतली होती.

हाड मोडलं नव्हतं. मानेतली शीर चेपली होती. पोरगा टॉवेल घेऊन माझ्या स्ट्रेचरमागून आला. आबा मला म्हणाले, त्याला विचार, ‘उजवा गुडघा आधीपासनं दुखतोय, तर उचललंस कशाला?’ मी इंग्रजीत सांगितलं. तो पोरगा रडायलाच लागला. गुडघ्याचं त्यानं बुकरला सांगितलं नव्हतं, मला नाही, त्याच्या बायकोलाही नाही. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तालमीत मारतात तशी. माझ्याकडे कंपनीचा विमा होता. त्याच्याकडे नव्हता, इंडीतला पैलवान हा स्वतंत्र ठेकेदार असतो, त्याचा गुडघा त्याचा त्यानं बघायचा.

पहाटे रूट ७८ वरून घरी येताना गाडी एक मित्र चालवत होता. गाडीभर बिअरचा वास. बऱ्याच वेळानं आबा मागच्या सीटवरून बोलले.

‘हरलास त्याचं काय न्हाई. मी बी हरलोय. पर कुणाचं नाव लावून हरलास?’

तुमच्यातल्या शहरी लोकांसाठी सांगतो. मैदानात जोड लागली की नाव पुकारतात. नुसतं तुमचं नाही; अमुक तालमीचा, अमुक वस्तादांचा पठ्ठा. जिंकलात तर वस्ताद जिंकला, हरलात तर त्यांच्या नावाला धूळ. आबांना माझ्या हरण्याची लाज नव्हती. ज्याचं कुणी घरदार नाही अशा माणसाच्या नावावर मी ते हरणं टाकून मोकळा झालो होतो, ते त्यांना समजेना. मी मानेला पट्टा लावून सीटवर पडलो होतो, मान वळवून त्यांच्याकडे पाहता येत नव्हतं, याचं मला बरं वाटलं. घरी आईनं विचारलं, स्वेटरला वास कसला? आबा म्हणाले, ‘कुणाचं तरी सांडलं.’

इथं लेख संपवला तर तुम्ही मला माफ कराल, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढचं सांगतो. ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. ती आता इथंच वाचेल.

दुसऱ्या दिवशी बुकरचा फोन आला. चौकशी केली, मग म्हणाला, तो म्हातारा फार भारी होता, पुढच्या महिन्यात परत आण. म्हटलं, ते माझे वडील आहेत, चाललेत भारतात. तो म्हणाला, अच्छा, मग दुसरा बघतो. आणि त्यानं बघितला. नोव्हेंबरच्या शोमध्ये कुणा ओळखीच्या म्हाताऱ्याला स्वेटर आणि माकडटोपी घालून ‘शेखचा बाप’ केला. मी मानेच्या पट्ट्यासकट चाकाच्या खुर्चीत बसलो आणि तो मला ढकलत आत घेऊन आला. डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली होती; मी म्हटलं, खुर्चीत बसायचं तर आहे. माकडटोपी माझ्याच घरून नेली होती, आबा विसरून गेले होते ती. लोकांनी ग्लास आणून ठेवलेच होते. ग्रीन कार्ड आदल्या वर्षी आलं होतं, तेव्हा आता पैसे घेता येत होते. पंचाहत्तर डॉलर मिळाले. त्या कंपनीनं मला दिलेली सगळ्यात मोठी रक्कम.

का गेलो? मला वाटतं, तो गलका परत ऐकायचा होता. असंही वाटतं की त्या रात्रीला नाटक करून टाकलं असतं तर ती घडलीच नाही असं झालं असतं. दोन्ही कारणं मी नंतर बनवलेली असू शकतील. म्हाताऱ्यावर पहिला ग्लास पडला तेव्हा तो माझ्या कानात हसून म्हणाला, आज गर्दी छान आहे.

२००८ च्या मार्चमध्ये मी बुकरला म्हणालो, माझ्या नावानं लढतो. त्यानं नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. मग तोंडावर मुखवटा घालून चार वर्षं लढलो. मुखवट्यात रंग दिसत नाही, फक्त हात दिसतात, त्यांना मी लांब बाह्या शिवल्या. २०१२ ला थांबलो. भाचा म्हणतो, आता असं चालत नाही मामा. मी त्याला २०१७ दाखवतो. जिंदर महल, कॅनडातला पंजाबी पोरगा, मे महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूईचा चॅम्पियन झाला, आणि तोही माइकवर पंजाबी बोलायचा आणि लोक ‘यू-एस-ए’ ओरडायचे. भाचा म्हणतो, पण त्यानं पट्टा जिंकला ना. आमचं हे भांडण अजून चालू आहे. त्यात मी दर वेळी वेगळ्या बाजूला असतो.

आबा २०१९ मध्ये गेले. नोव्हेंबरच्या शोचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, निदान मी सांगितलं नाही.

एक गोष्ट उरली. त्या काळी प्रत्येक शोची डीव्हीडी काढायचे आणि टेबलावर दहा डॉलरला विकायचे. ऑक्टोबरची माझ्याकडे आहे. आबांच्या एकाही कुस्तीचं चित्रीकरण नाही. एक फोटो आहे, तोही खासबागेतल्या कुस्तीनंतरचा, फेटा बांधून. रिंगणात उतरणारे आबा जगात फक्त या डीव्हीडीत दिसतात. कॅमेरा उंचावर होता. मी तर तेव्हा छताकडे बघत पडलो होतो, त्यामुळे हे मला पुष्कळ नंतर दिसलं. आबा कठडा ओलांडतात, धावत रिंगपाशी येतात, पोरगा मरतोय की काय या घाईत, आणि आत शिरण्याआधी क्षणभर वाकतात. उजव्या हाताची बोटं रिंगच्या कडेच्या कापडाला लावतात आणि कपाळाला लावतात. मग दोर वर करून आत जातात. समालोचक म्हणतो, हा कोण आता? आणि डाव्या बाजूनं पहिला ग्लास येतो.